मधला आवाज

मुलाखतीत विचारतात, पहिला पियानो कुठला?
मी सांगते, संगीतशाळेतला. उभा, तपकिरी,
पोटात उंदरांचा संसार.
हसतात, लिहून घेतात. त्यांचं भागतं.

खरा पहिला म्हणजे पत्र्याचा एक डबा,
चिआतुराच्या दरीवर तारेला टांगलेला,
माणसांना खाणीकडे वर नेणारा
आणि जमलंच तर संध्याकाळी परत आणणारा.
मी नऊ वर्षांची. त्या हिवाळ्यात वीज
पाहुण्यासारखी यायची, चहा न घेताच जायची.
आईने वाळत घातलेल्या चादरींवर मँगनीजची काळी पूड,
माझ्या नखांत, पट्ट्यांच्या फटींतही तीच.

एलिसाबेद बाई आणि मी खाली निघालो होतो.
त्यांचे बोटं कापलेले हातमोजे, कोटाला डांबरगोळ्यांचा वास.
तिसरा ओतिया. पाळी संपवून आलेला,
काजळलेल्या भुवया, मांडीवर रिकामा डबा.

ऐन मध्यावर वीज गेली.
गचका, मग झोका,
मग काहीच नाही.
खाली नदी, शाईसारखी.
वर वाऱ्याने तार गुणगुणत होती,
एकच खर्ज, श्वास न घेता.

बाई घाबरल्या. मला कळलं,
कारण त्या माझ्यावर ओरडल्या.
"रिकामी काय बसलीस? खिडकीवर हात ठेव. फ्यूग."
खिडकीची कड इतकी गार की बोट चिकटत होतं.
मी पत्र्यावर वाजवत राहिले, नुसती टकटक,
वरचा आवाज बाई गात होत्या, थरथरत,
आणि कुणी न सांगता ओतियाने
तारेचा सूर उचलून छातीत ठेवला.
आमच्याकडे पुरुषांना खर्ज शिकवावा लागत नाही.
लग्नाला जातात, मयताला जातात, कधीतरी येतोच.
फ्यूगशी त्याचं मुळीच जमत नव्हतं.
बाईंच्या कपाळावर आठ्या. पण थांबवलं नाही.

मग म्हणाल्या, "मधला आवाज कोण गातंय?"
कुणीच नाही, बाई.
"मग तो ऐक."

मला काही ऐकू आलं नाही.
मला लघवीला लागली होती.

ऐकू आला तो मार्चमध्ये, आमच्याच घरी.
बादरीकाका खाणीत राहिला, त्याला चाळीस दिवस झाले होते.
टेबलावर मीठ, उकडलेले घेवडे, उसन्या खुर्च्या.
बाबा आणि थोरले काका उभे राहिले
आणि तिघांचं गाणं दोघांनी धरलं.
वरचा आवाज वर, खालचा खाली,
मध्ये बादरीएवढी जागा.
कुणी ती भरली नाही. कुणी तिकडे पाहिलंही नाही.
शेवटच्या कडव्यात बाबा एक मात्रा थांबले,
काका नेहमीच तिथे उशिरा यायचा म्हणून.

मी टेबलाखाली होते, चुलतभावाचा बूट सोडवत.
हातात नाडी तशीच राहिली.

आता बेर्गेनला वाजवते, ल्योंला वाजवते,
असल्या गावांत, जिथे दिवे जात नाहीत.
लोक लिहितात, हिच्या हाताखाली
मधले आवाज कसे उजळतात, विलक्षण तंत्र.
असेल. तंत्रासाठी मीही घाम गाळलाय,
मनगट दोनदा बांधून घेतलंय.
बाई गेल्या तेव्हा विमान मिळालं नाही.
ओतियाचं पुढे काय झालं, ठाऊक नाही.
त्या दिवशी डबा हलला तेव्हा त्याने
खिशातून अर्धं सफरचंद काढून मला दिलं होतं,
दुसरा अर्धा घरी कुणासाठी तरी.

स्टूल पुढे ओढते, हात मांडीवर ठेवते,
आणि थोडी जास्तच वेळ बसून राहते.
सभागृहात खोकले विझतात.
त्यांना वाटतं, एकाग्र होतेय.
मी वीज यायची वाट बघत असते.